ऐंशी ग्रॅम

फॉर्म हातात आला तेव्हा
मी आधी वाचला नाही, चोळून पाहिला.
अंगठा आणि तर्जनी, जरासं घासून:
ऐंशी ग्रॅम. आमचा नाही.
आमचा कागद बोटांना किंचित गार लागायचा.

काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली,
पिर्क्को, इथे शेवटची नोकरी लिहा.
मी लिहिलं: कागद गिरणी, यंत्र तिसरं, रिळं.
सव्वीस वर्षं.
रकाना दोन बोटांचा होता.

त्याखाली: कौशल्ये.
आता काय लिहू?
ताशी शंभर किलोमीटरनं पळणारा कागद
फाटायच्या आधी आवाज बदलतो,
कुणी दातांतून श्वास ओढावा तसा,
आणि तो मला कानांआधी तळपायांत कळायचा?
मी लिहिलं:
संगणक, थोडाफार.

नोटीस मला मिळाली. शरीराला कुणी दिलेली नाही.
ते अजून दर तिसऱ्या आठवड्याला
रात्रपाळीला जायला उठतं,
अंधारात मोजे शोधतं,
मग पलंगाच्या कडेवर बसून राहतं
माझी वाट बघत.

नोव्हेंबरात तीनलाच दिवस मिटतो इथे.
तोवर ठीक असतं. तोवर पत्रपेटी असते,
कुत्रा असतो, पायरीवरचं बर्फ असतं.
तीननंतर घर खायला उठतं.
तेव्हा मी हिशेब करते:
गाडीचे हिवाळी टायर, की डावी दाढ?
दाढ चार दिवस गप्प आहे.
टायर.
सौना फक्त शनिवारी, तीही अर्ध्या लाकडांत.
कॉफी पाच चमच्यांऐवजी तीन,
तिचा रंग आता
वसंतात वितळणाऱ्या तळ्यासारखा.

गावाला वास यायचा, उकडलेल्या कोबीचा.
पाहुणे गाडीच्या काचा वर करायचे.
आई म्हणायची, पगाराचा वास आहे, हुंगा.
आता दोरीवरचे कपडे
नुसते हवेच्या वासाचे वाळतात.
घडी घालताना वाटतं, कुणाचे आणले मी हे?

यालमारीचा फोन रविवारी येतो.
आई, थोडे पैसे पाठवू?
मी म्हणते, तळं गोठलं बघ, या वर्षी लवकर.
तो म्हणतो, हो का.
मग आम्ही दोघं तळ्यावर बोलतो
बराच वेळ. बर्फ किती जाड, माणूस पेलेल का.

काल दुकानात ओस्मो दिसला, आमच्याच पाळीतला.
मी फ्रीजरमधल्या मटारांत डोकं घातलं.
त्यानं पलीकडे माशांत.
पोटाला चिमटा घेतलेली माणसं
एकमेकांच्या टोपलीत बघत नाहीत.
मग मान वर केली तर
तो हातवारे करत होता.

गिरणीत यंत्राच्या गोंगाटात
कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही,
आम्ही सव्वीस वर्षं हातांनीच बोललो:
शिव्या, वाढदिवस, कुणाची सून बाळंत झाली.
एकदा ओस्मोनं मला त्याच्या बायकोचं जाणं
साठ फुटांवरून सांगितलं होतं,
दोन बोटं, मग उघडा तळवा.

काल त्यानं मनगट फिरवलं:
यंत्र थांबलंय, किती वेळ?
मी खांदे उडवले, तळवा हलवला: माहीत नाही.
त्या शांत दुकानात,
जिथे फ्रीजरची घरघर सोडून काहीच नव्हतं,
आम्हाला तोंडानं बोलायचं सुचलंच नाही.
गल्ल्यावरची पोरगी आम्हाला बहिरे समजली असावी.
तिनं सुटे पैसे फार हळू मोजून दिले.

आज तो आला. बूट झटकले, बसला.
मी पाच चमचे घातले.
टेबलावर फॉर्म पडला होता,
कपातून ओघळलेला थेंब त्यावर पसरत चाललेला.
ओस्मोनं तो उचलला.
वाचला नाही.
कोपरा बोटांत धरून चोळला,
माझ्याकडे बघितलं,
मान हलवली.

गुरुवारी अकराला बोलावलंय.
नवा फॉर्म मागावा लागेल.